निवाडा झाला म्हणजे संपले का?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलणारे माझ्यानंतर आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगले बोलतात. मला आज फक्त एका शब्दावर बोलायला सांगितले आहे. शब्द आहे 'निवाडा'. आधी एक करा. ज्यांच्या शेतातून रस्ता, कालवा, पाझर तलाव, वीज केंद्र, काहीही गेले आहे किंवा जाणार म्हणून मोजणी झाली आहे, त्यांनी हात वर करा.

निम्म्या मंडपाचे हात वर आहेत. म्हणजे विषय घरचाच आहे.

आपल्या घरात बाया ज्वारी निवडतात. सुपात घेतात, खडा वेगळा, दाणा वेगळा. निवडणे आणि निवाडा हे एकाच घरातले शब्द. बांधाचे भांडण झाले की पंच पारावर बसायचे, दोन्हीकडचे ऐकायचे, खरे-खोटे निवडायचे आणि निवाडा द्यायचे. तो दिला की विषय संपला. त्यानंतर पुन्हा कुरबूर करणाऱ्याला गाव नाव ठेवायचे. त्यामुळे निवाडा हा शब्द कानावर पडला की आपली मान आपोआप खाली जाते. झाले, आता बोलायचे नाही.

सरकारने नेमका हाच शब्द उचलला. भूसंपादन अधिकारी तुमच्या जमिनीचे क्षेत्र लिहितो, भाव लिहितो, कोणाला किती पैसे ते लिहितो, खाली सही करतो. त्या कागदाचे नाव निवाडा. आता सांगा, इथे पंच कोण आहे? तलाव सरकारला पाहिजे, जमीन सरकार घेणार, आणि तिची किंमत ठरवणार सरकारचाच पगारी अधिकारी. घेणारा तोच, भाव करणाराही तोच. एकाधिकार खरेदीच्या काळात कापसाचे जे झाले तेच जमिनीचे. फरक एवढाच की कापूस पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

हे मी संघटनेचा माणूस म्हणून रागाने बोलतो आहे असे कोणाला वाटेल. तर ऐका. १९०५ साली, इंग्रजांच्या राज्यात, कलकत्त्याच्या एका जमिनीचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. तिथल्या न्यायाधीशांनी सांगितले की कलेक्टरचा निवाडा हा न्यायनिवाडा नाही, सरकारने जमीनवाल्यापुढे ठेवलेला तो प्रस्ताव आहे. आम्ही एवढे द्यायला तयार आहोत, असे सरकार म्हणते. आपल्या सुप्रीम कोर्टानेही पुढे हेच धरले. ज्या कागदापुढे आपण मान खाली घालतो तो कागद म्हणजे गिऱ्हाइकाने सांगितलेला भाव आहे. बाजारात गिऱ्हाइकाने पहिला भाव सांगितला की आपण लगेच पोत्याचे तोंड सोडतो का?

मग कायद्यात 'अंतिम' हा शब्द नाही का? आहे, आणि तिथेच खरी गंमत आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १२ मध्ये लिहिले होते की हा निवाडा क्षेत्राचा, किमतीचा आणि वाटपाचा अंतिम व निर्णायक पुरावा आहे. हे वाक्य दाखवून कचेरीत कितीतरी लोकांना परत पाठवले गेले. पण त्याच वाक्यात आणखी चार शब्द होते : 'यापुढे सांगितले आहे ते सोडून'. आणि यापुढे काय सांगितले होते? कलम १८. ज्याला निवाडा मान्य नाही त्याने अर्ज करावा, कलेक्टरने प्रकरण कोर्टाकडे पाठवावे. तो जुना कायदा गेला. १ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा नवा कायदा लागू आहे. त्यातही तेच वाक्य कलम ३७ मध्ये त्याच चार शब्दांसकट बसले आहे आणि अर्जाचे कलम आता ६४ आहे. प्रकरण आता दिवाणी कोर्टाऐवजी प्राधिकरणाकडे जाते, एवढा बदल.

म्हणजे निवाडा सही झाल्याच्या दिवशी अंतिम होत नाही. तो अंतिम होतो तुम्ही गप्प बसल्यामुळे. मुदत टळली की होतो, तोपर्यंत नाही. आज मला एवढेच सांगायचे आहे. पण ते नीट कळावे म्हणून घरची गोष्ट सांगतो.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या गावात पाझर तलावाचे काम निघाले. आमची साडेतीन एकर भारी जमीन त्यात गेली. गावाला पाणी होईल, लोकांच्या हाताला काम मिळेल, म्हणून वडिलांनी खुशीने ताबा दिला. त्याच जमिनीत त्यांनी स्वतः खडी फोडली आणि मजुरीही घेतली. ताबा दुष्काळात गेला, निवाडा आला १९८६ साली. वडील तालुक्याला गेले, दाखवली तिथे सही केली, पैसे घेऊन आले. आईने विचारले, 'एवढेच?' ते म्हणाले, 'निवाडा झाला. आता काय बोलायचं?'

शेजारच्या काकांची जमीन आमच्याच बांधाला लागून, त्याच तलावात गेलेली. काकांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण त्यांचा भाचा शहरात एका वकिलाकडे कारकून होता. त्याने त्यांना दोन गोष्टी करायला लावल्या. पैसे घेताना अंगठ्याच्या वर 'हरकत राखून रक्कम घेतली' असे लिहून घेतले, आणि सहा आठवड्यांच्या आत कलम १८ चा अर्ज दिला. १९९३ साली कोर्टाने त्यांचा भाव अडीच पटीहून जास्त वाढवला. त्यावर दिलासा रक्कम आणि इतक्या वर्षांचे व्याज. मूळ वाढीपेक्षा व्याजच जास्त झाले.

आम्हाला हे कळले १९९५ साली, एका लग्नात. तेव्हाही आमच्यासाठी एक दार होते, पण तेही बंद होऊन गेले होते. त्या दाराबद्दल पुढे सांगतो. वडिलांनी कोणाला दोष दिला नाही. पण त्यानंतर शेतावर जायला ते तलावाच्या बांधावरून कधी गेले नाहीत, नाल्याकडून फेरा घालून जायचे.

आता कामाचे. सहा आठवडे कधीपासून धरायचे? निवाडा जाहीर झाला तेव्हा तुम्ही किंवा तुमचा वकील तिथे हजर असाल, तर त्या दिवसापासून सहा आठवडे. हजर नसाल, तर निवाड्याची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्याच्या तारखेपासून सहा महिने, यातले जे आधी संपेल ते. नोटीसच आली नाही तर? १९६१ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की निवाड्याची तारीख म्हणजे अधिकाऱ्याने खोलीत बसून सही केली ती नव्हे, तुम्हाला तो कळला किंवा कळायला हवा होता ती. १९६३ साली त्याच कोर्टाने आणखी स्पष्ट केले : निवाडा झाला एवढे कानावर येणे पुरेसे नाही, त्यात काय लिहिले आहे हे कळले पाहिजे. म्हणून नोटिशीचे पाकीट फेकू नका. त्यावरचा पोस्टाचा शिक्का आणि कोतवालाने दिली असेल तर मिळाल्याची तारीख, हे तुमचे दाखले आहेत. जुन्या कायद्यात मुदत एक दिवस टळली तरी माफी नव्हती. २०१३ च्या कायद्यात कलेक्टरला सबळ कारण पटले तर आणखी एक वर्षापर्यंत अर्ज घेता येतो. पण ते त्याला पटले तर. त्या भरवशावर राहू नका.

पैसे घ्यावे की नाही, हा दुसरा प्रश्न. काही जण रागाने पैसे घेतच नाहीत. मला ते पटत नाही. पैसे घ्या, पोरीच्या लग्नाला, कर्जाला, विहिरीला लागतात. फक्त पावतीवर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा : 'निवाडा मान्य नाही. हरकत राखून रक्कम स्वीकारली.' कचेरीत याला 'अंडर प्रोटेस्ट' म्हणतात, तसे लिहिले तरी चालते. समोरचा कारकून म्हणेल, असे लिहिले तर चेक मिळणार नाही. तसे म्हणणाऱ्याला कायद्याचा आधार नाही. हरकत राखून पैसे घेण्याची सोय खुद्द कायद्यात आहे. तीच सोय न वापरता मुकाट पैसे घेतले, तर अर्जाचा हक्क जातो, हेही त्याच कलमात लिहिले आहे.

कोर्टात भाव कमी होईल अशी भीती कोणी घालेल. जुन्या कायद्याच्या कलम २५ प्रमाणे कोर्टाला कलेक्टरने दिलेल्या रकमेच्या खाली जाताच येत नव्हते. आणि हे अपील नाही. १९८८ साली पुण्याच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितले की कोर्टाने कलेक्टरचा निवाडा समोर ठेवून त्यातल्या चुका शोधायच्या नाहीत, किंमत नव्याने ठरवायची. पण नव्याने ठरवायची म्हणजे पुरावा तुम्हाला द्यावा लागतो. इथे आपण मार खातो, आणि त्यात आपलाही दोष आहे. सातबारावर पीकपेरा तलाठी घरी बसून लिहायचा, विहीर असून जमीन जिरायत लागते, आणि आपण सातबारा काढतो तो पीककर्जाच्या वेळी. दुसरे, खरेदीखत करताना मुद्रांक वाचवायला आपण अर्धी किंमत कागदावर दाखवतो. भूसंपादन अधिकारी आजूबाजूची तीच खरेदीखते काढतो आणि म्हणतो, तुमच्याच गावचा भाव हा. आपण सरकारला फसवले असे आपल्याला वाटते, पण दहा वर्षांनी त्या कागदाने आपलाच शेजारी बुडतो. मोजणीच्या दिवशी शेतात हजर राहा. विहीर, पाइपलाइन, झाडे, गोठा हे सगळे संयुक्त मोजणीच्या कागदावर आले का ते बघा, मगच सही करा. कापूस, ज्वारी, तूर विकल्याच्या पावत्या जपून ठेवा. पावतीवरून उत्पन्न सिद्ध होते, नुसत्या तोंडी सांगण्यावरून होत नाही.

मायबहिणींना एक वेगळे सांगतो. सातबारावर भावांची नावे, तुमचे नाही, म्हणून नोटीस तुम्हाला येत नाही. पण कायदा 'हितसंबंधित' कोणाला म्हणतो? मोबदल्यात हक्क सांगणाऱ्या कोणालाही. विधवा असा, हिस्सा न सोडलेली बहीण असा, वाटपावर तुम्हालाही अर्ज करता येतो.

कोर्टाने वाढ दिली की त्या निर्णयालाही निवाडाच म्हणतात, पण त्याची ताकद वेगळी. जुन्या कायद्यात तो दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा मानला जाई. हुकूमनामा म्हणजे कोर्टाने दोघांचे ऐकून हक्क कोणाचा ते पक्के ठरवले. तो प्रस्ताव नसतो, तो पाळावाच लागतो. सरकारने पैसे दिले नाहीत तर त्याच हुकूमनाम्यावर दरखास्त लावायची, मुदत बारा वर्षे. सरकारविरुद्ध असेल तर तीन महिने वाट बघावी लागते, नंतर जप्ती. कलेक्टर कचेरीतल्या खुर्च्या आणि गाडी जप्त करायला बेलिफ आल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या आहेत. लोक हसतात. मला हसू येत नाही. तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या जमिनीचे पैसे मिळवायला शेतकऱ्याला खुर्ची मोजत बसावे लागते, यात हसण्यासारखे काय आहे? आणि कर्जाची वसुली करताना हेच सरकार किती दिवस वाट बघते?

आता ते राहिलेले दार. १९८४ साली कायद्यात कलम २८-अ आले. तुम्ही अर्ज केला नाही, पण त्याच अधिसूचनेत गेलेल्या दुसऱ्या शेतकऱ्याला कोर्टाने वाढ दिली, तर त्या निर्णयापासून तीन महिन्यांत तुम्हीही कलेक्टरकडे तोच भाव मागू शकता. नक्कल मिळवायला लागलेले दिवस यातून वजा होतात. कोर्टात जायची ऐपत नसलेल्या गरीब शेतकऱ्यासाठी केलेली ही सोय आहे. २०१३ च्या कायद्यात ती कलम ७३ मध्ये आहे. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की पहिल्याच निर्णयावर अर्ज केला पाहिजे असे नाही, पुढच्या निर्णयावरही करता येतो. चांगली सोय आहे, पण शेजाऱ्याचा निकाल लागला हे तुम्हाला कळवण्याची जबाबदारी कोणावरही नाही. आमच्या वडिलांचे तेच झाले. म्हणून प्रत्येक गावात एका माणसाने हे काम घ्यावे : आपल्या तलावाची, आपल्या रस्त्याची किती प्रकरणे कोर्टात आहेत, तारखा कोणत्या, याची एक वही. आज कोर्टाच्या तारखा मोबाइलवर दिसतात, पोरांना सांगा.

याच ठिकाणी एक खड्डा आहे. लोकअदालतीतही निवाडा होतो. शब्द तोच, जात अगदी वेगळी. कलेक्टरचा निवाडा हलवता येतो. लोकअदालतीचा निवाडा, १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम २१ प्रमाणे, हुकूमनाम्यासारखा आणि लगेच अंतिम. त्यावर अपील नाही. २००८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की फार थोड्या कारणांसाठी हायकोर्टात रिट करता येते, बाकी काही नाही. कारण उघड आहे. तिथे कोणी तुमच्यावर निर्णय लादलेला नसतो, तुम्हीच तडजोडीवर सही केलेली असते. गावच्या पंचाच्या निवाड्याच्या सगळ्यात जवळचा हाच. मान खाली घालायची ती इथे, कलेक्टरपुढे नव्हे.

लोकअदालतीला माझा विरोध नाही. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला हायकोर्टातल्या अपिलाची वाट बघायला लावण्यापेक्षा चार पैसे कमी घेऊन हातात रक्कम आलेली बरी. पण सही करण्याआधी वकिलाला हिशेब कागदावर मांडायला लावा : मूळ वाढ किती, दिलासा रक्कम किती, व्याज किती, त्यातले काय सोडतो आहोत. आणि पैसे कोणत्या तारखेपर्यंत येणार, न आल्यास पुढचे व्याज काय, हे तडजोडीतच लिहून घ्या. वकिलाची फी निकालाच्या टक्क्यांवर ठरवणे वकिलांच्याच नियमात बसत नाही, हेही माहीत असू द्या.

आणि तुम्ही तडजोड केली तर शेजाऱ्याचे काय? २०२२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की लोकअदालतीच्या निवाड्यावरून २८-अ चा अर्ज करता येत नाही, कारण तिथे कोर्टाने पुरावा तपासून भाव ठरवलेला नसतो. म्हणजे गावातले सगळे खटले लोकअदालतीत मिटले, तर ज्यांनी अर्जच केला नव्हता त्यांचे शेवटचे दार बंद. पन्नास खातेदार गेले असतील आणि दहा कोर्टात असतील, तर दहांनी एकत्र बसून ठरवा : निदान एक-दोन प्रकरणे शेवटपर्यंत निकालावर चालवायची. त्या दोघांचा खर्च पन्नासांनी वाटून घ्यायचा. संघटना यासाठीच लागते.

थेट खरेदीबद्दल दोन वाक्ये. २०१५ नंतर आपल्या राज्यात रस्त्यांसाठी वाटाघाटीने थेट खरेदी सुरू झाली. समृद्धी महामार्गाला ती मोठ्या प्रमाणावर झाली. तिथे निवाडाच नसतो, खरेदीखत असते. स्वतःच्या राजीने विकल्यावर निवाड्याविरुद्धच्या अर्जाचे हे दार राहत नाही. भाव बरा वाटला तर विका, पण नंतर कोर्टात वाढ मागू, असे मनात ठेवून विकू नका.

सोसायटीच्या वसुलीत कलम १०१ चा दाखला निघतो, त्यावरही कायद्याने 'अंतिम' हाच शब्द लिहिला आहे. त्याविरुद्ध फेरतपासणी मागता येते, पण आधी रकमेच्या निम्मे भरून. शेतकऱ्याला दार ठेवायचे आणि दारात निम्म्या कर्जाची रास मागायची. त्यावर पुढच्या बैठकीत वेगळे बोलू.

आता जेवणाची सुट्टी होईल. मी डाव्या बाजूच्या कडुनिंबाखाली बसतो. ज्यांच्याजवळ निवाड्याची नोटीस आहे त्यांनी पाकिटासकट घेऊन या. ज्यांची घरी राहिली आहे त्यांनी मिळाल्याची तारीख आठवून सांगा. ज्यांचे सहा आठवडे याच महिन्यात संपतात त्यांनी जेवणाच्या आधी या, बाकीच्यांनी जेवून आलात तरी चालेल.